सोने, प्रकाश आणि कर्करोगाची गाठ

‘डॉक्टर, सोन्याने कर्करोगाची गाठ जळते म्हणे. मग शस्त्रक्रिया कशाला?’ असा प्रश्न हल्ली रुग्ण मला विचारतात. मोबाईलवर आलेली एखाद्या ‘नॅनो सुवर्ण’ औषधाची जाहिरातही दाखवतात. या प्रश्नात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य आजारी माणसाला फार महागात पडते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या.

सराफाकडचे सोने पिवळे असते. परंतु त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरले की पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली या लाल द्रावणाचा अभ्यास मांडला. गर्भधारणा तपासण्याच्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी गुलाबी रेघ अशाच कणांची असते. हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

प्रकाश पडला की या कणातील इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावे घेतात. लहान गोल कण मुख्यतः हिरवा प्रकाश शोषतो, म्हणून द्रावण लाल दिसते. शोषलेला प्रकाश नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. उन्हातली काळी घागर तापते तसा कण तापतो आणि भोवतालच्या पेशीला ती धग लागते.

आता शरीराचा विचार करू. अंधारात बॅटरी पंजाखाली धरली तर बोटे लाल उजळतात, कारण लाल प्रकाश मांसातून बराच आरपार जातो. लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण त्याहून आत शिरतात. हे किरण शोषायचे तर कणाचा आकार बदलावा लागतो. तो लांबट, त्रिकोणी किंवा कवचासारखा करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात गवती चहाचा अर्क मिसळून असे त्रिकोणी कण तयार केले. अवरक्त किरण शोषणाऱ्या या कणांचे संशोधन २००४ साली ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्या परसातल्या गवती चहाला असा मान मिळाला, याचा मला आनंद वाटतो.

अमेरिकेत पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर अशा उपचाराची चाचणी झाली. वाळूच्या जातीच्या पदार्थाचा गाभा आणि वर सोन्याचे कवच असलेले कण शिरेतून दिले गेले. नंतर लेसरची बारीक तार नेमकी गाठीत घालून अवरक्त प्रकाश सोडला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात १६ पैकी १५ रुग्णांवर हा उपचार पूर्ण करता आला, असे नमूद आहे. गोष्ट आशादायक आहे. पण रुग्ण अवघे १६ आणि गाठी एकाच ग्रंथीतल्या, मर्यादित जागेच्या. शिवाय असे कण यकृतात व प्लीहेत दीर्घकाळ राहू शकतात, त्याचाही अभ्यास व्हायला हवा.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. येथे गाठ जाळते ती प्रकाशातून झालेली उष्णता. सोने हे फक्त तो प्रकाश पकडण्याचे साधन. ठरावीक आकाराचा कण, गाठीपर्यंतचा त्याचा प्रवास आणि मोजून दिलेला लेसर, या तिन्हींपैकी एक नसेल तर उपचारच नाही. पोटात घेतलेल्या गोळीवर किंवा चाटणावर कोण लेसर सोडणार? भस्माच्या परंपरेशी मला येथे वाद घालायचा नाही. मात्र या संशोधनाचे नाव घेऊन पुडी विकणे ही माझ्या मते निव्वळ फसवणूक आहे. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तो कायदा कपाटात न ठेवता वापरला पाहिजे.

पैसा जातो तो पुन्हा मिळवता येतो, गेलेले महिने मिळत नाहीत. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, स्तनात गाठ लागली किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर जवळच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. चालू उपचार कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. सोन्याच्या कणांचा उपचार सिद्ध होईल तेव्हा तो रुग्णालयातच मिळेल. तोपर्यंत वेळेवर झालेले निदान हेच खरे सोने!