गाईडच्या धंद्याची कंपनी झाली, आपली पेढी का फुटते?

जून महिना तोंडावर आला की घरोघरी एकच खर्च उभा राहतो : वह्या, पुस्तके आणि गाईड. कापडाच्या धंद्यातल्या आम्हा मंडळींनाही ते दिवस चांगले ठाऊक आहेत, कारण त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक युनिफॉर्मखेरीज दुसऱ्या कापडाला हात लावत नाही. घरातला पैसा शाळेकडे वळलेला असतो. हा पैसा पुढे कोठे जातो, याचा हिशेब मात्र आपल्या व्यापारी बांधवांनी क्वचितच मांडला असेल. त्यातला बराचसा भायखळ्यापासून चौथ्या स्टेशनावर, दादरच्या भवानीशंकर रोडवरील नवनीत भवनात जमा होतो.

नवनीतचे नाव ठाऊक नाही असा शाळकरी मुलगा महाराष्ट्रात सापडणे कठीण. परंतु ही कंपनी उभी कशी राहिली, हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. गाला हे कच्छी कुटुंब. आपल्या मेमन आणि खोजा बांधवांप्रमाणेच व्यापार रक्तात असलेले. १९५९ साली त्यांनी शालेय पुस्तकांचे प्रकाशन सुरू केले. त्यानंतर आठ वर्षांनी, २७ जानेवारी १९६७ रोजी, कोठारी आयोगाच्या शिफारशींच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन केले. तीच आपली बालभारती. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत मुलांच्या हाती एकच पुस्तक आले.

पाठ्यपुस्तक सरकारने आपल्याकडे घेतल्यावर खाजगी प्रकाशकाने काय करायचे? कोणी म्हणाले असते, धंदा बसला. आमच्या मते खरा धंदा तेथेच सुरू झाला. पुस्तक एकच असेल, तर त्यावरचे एकच गाईड सगळ्या राज्यात खपते. पाठ्यपुस्तक स्वस्त, त्यात दुकानदाराला सुटणारे पैसे थोडे. गाईडची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराचे कमिशनही तोच ठरवतो. सरकारने रस्ता बांधला, यांनी त्यावर गाड्या चालवल्या.

आता कंपनीची बांधणी पाहा. १९८४ साली लिमिटेड कंपनी झाली. पुढे शेअर बाजारात नोंद झाली, तरी साठ टक्क्यांहून अधिक शेअर प्रवर्तक कुटुंबाकडेच राहिले. म्हणजे बाहेरचे भांडवल आले, पण घराची किल्ली घरातच राहिली. १९९३ साली वह्या आणि स्टेशनरीचे काम सुरू केले. २०१३ साली नाव बदलून ‘नवनीत एज्युकेशन’ केले. सी.बी.एस.ई. शाळांच्या बाजारात शिरण्यासाठी २०१६ साली एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा भारतातील शालेय पुस्तकांचा कारभार विकत घेतला. संगणकावरच्या शिक्षणासाठी वेगळी उपकंपनी काढली. लिहिणारे वेगळे, छापणारे वेगळे, विकणारे वेगळे, आणि सर्वांचा हिशेब एका ठिकाणी. कारखाने वसई तालुक्यातील खानिवडे, सिल्व्हासा आणि गुजरातेतील दंताली येथे. वह्या परदेशात जातात, अमेरिकेत विशेष. आज या कंपनीची स्टेशनरीची विक्री पुस्तकांच्या विक्रीपेक्षा मोठी आहे.

हा दुसरा पाय का लागला, हे सीझनचा धंदा करणाऱ्यांना सांगायला नको. ईदच्या आधी माल भरावा लागतो आणि ईदनंतर उरलेला माल डोक्यावर बसतो. गाईडचेही तसेच. कागदात पैसा महिनोन् महिने अडकतो, माल जूनपूर्वी दुकानात पोहोचलाच पाहिजे, आणि न खपलेला माल परत येतो. अभ्यासक्रम बदलला नाही तर धाकटा भाऊ मोठ्याचे गाईड वापरतो किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतो. अभ्यासक्रम बदलला की विक्री वाढते, पण गोदामातला जुना साठा रद्दी होतो. म्हणजे धंद्याची नाडी मंत्रालयात.

याची झळ या कंपनीलाही लागली आहे. कोरोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा सुमारे १,५०० कोटी रुपयांची वार्षिक उलाढाल २०२०-२१ मध्ये १,००० कोटींच्या खाली घसरली. मग २०२३ साली राज्य सरकारने पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडली, म्हणजे वह्यांच्या धंद्यावर थेट घाव. २०२५ साली तो निर्णय मागे घेतला गेला. दोन वर्षांत एक हुकूम आला आणि गेला. ज्याच्याकडे एकच माल आणि एकच बाजार असेल, त्याने अशा वेळी काय करावे? उलाढाल आज पुन्हा १,५०० कोटींच्या वर आहे.

केवळ ‘लिमिटेड’ ही पाटी लावल्याने हे साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या भायखळ्याची खटाव मिल लिमिटेड कंपनीच होती. १९८२चा गिरणी संप आम्ही या बाजारात अनुभवला आहे. कापडाच्या गिरण्या एकामागून एक गेल्या आणि खटावचा भोंगाही थांबला. कागदावर कंपनी असणे वेगळे आणि वेळेवर दुसरा माल, दुसरा बाजार शोधणे वेगळे.

गाईडवर शिक्षकांचा राग असतो, आणि तो अगदी चुकीचा नाही. तयार उत्तर पाठ करणारा मुलगा परीक्षा पास होतो, पण स्वतः चार ओळी लिहू शकत नाही. तरीही ज्या घरात आई-वडील शिकलेले नाहीत आणि क्लासची फी परवडत नाही, त्या घरात गाईड हाच शिकवणारा असतो. मदनपुऱ्यात बॅगा शिवणाऱ्या कारागिराच्या मुलाला दुसरे कोण समजावणार? आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलापुढे दुकानदार एकाच विषयाची तीन-चार गाईड टाकतो. उर्दू माध्यमाच्या मुलाला आजही इतकी निवड मिळत नाही. बालभारती उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते. मुंबई, भिवंडी, मालेगाव, अकोला येथे उर्दू शाळा आहेत. म्हणजे गिऱ्हाईक आहे, माल कमी आहे. आपल्यातल्या किती जणांनी याकडे तिजारत म्हणून पाहिले?

शाळेच्या पुस्तकांचा धंदा भायखळ्याला नवा नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती येथल्याच बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापली गेली. कारागिरी आजही आहे. बायंडिंग करणारे, कटिंग मशीन चालवणारे, छपाईचे जॉबवर्क घेणारे आपले कितीतरी लोक आहेत. ते दुसऱ्यांच्या नावाची पुस्तके शिवतात आणि नगावर मजुरी घेतात. नगावरची मजुरी पोट भरते, पण नाव दुसऱ्याचे मोठे होते.

येथे आपल्या पेढ्यांच्या दुखण्याशी आम्ही येतो. वडील असेपर्यंत धंदा एक असतो, वडील गेले की चार भाऊ, चार गाळे आणि बोर्डावर ‘जुने प्रसिद्ध’ असे चौघेही लिहितात. याचे कारण भावांचा स्वभाव इतकेच नाही. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूबरोबर भागीदारी संपते. शिवाय पेढीची नोंदणी नसेल तर कराराचे येणे वसूल करण्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. आपल्यात किती पेढ्या केवळ शब्दावर चालतात, हे प्रत्येकाने आपल्या गल्लाकडे पाहून सांगावे.

शिवाय आपल्यात वारसांचे हिस्से ठरलेले आहेत, मुलींचेही. दुकानाचे तुकडे केले तर सर्वांचेच नुकसान, आणि न केले तर बहिणीचा हक्क बुडतो. पुष्कळ घरांत तो बुडवलाच जातो, हे कटू असले तरी खरे आहे. शेअर असतील तर हिस्सा ज्याचा त्याला मिळतो आणि दुकानाला हात लागत नाही. बहीण दूर सासरी असली तरी नफ्यातला तिचा वाटा तिला पोहोचतो. लहान पेढीला लिमिटेड कंपनी जड वाटत असेल तर २००८च्या कायद्याने आलेली एल.एल.पी. आहे. दोन भागीदारांत ती उभी राहते, जबाबदारी मर्यादित असते आणि एकाच्या मृत्यूने ती संपत नाही.

नवनीतइतके मोठे होणे सर्वांच्या नशिबी नसेल, पण तिच्या बांधणीतल्या काही गोष्टी पाच कारागिरांच्या कारखान्यालाही लागू पडतात. बायंडर, छपाईवाले आणि दोन-चार उर्दू शिक्षक यांनी मिळून सहावी ते दहावीपर्यंतची सरावपुस्तके एका नावाने काढली, तर भांडवल फार लागणार नाही. जून गेल्यावर त्याच मशीनवर वह्या बांधता येतील. मात्र त्याआधी भागीदारीचा करार लिहून काढावा, वारसांचे कलम त्यात घालावे आणि नोंदणी करावी. हे सारे येत्या ३१ मार्चचा हिशेब बंद करण्यापूर्वी व्हावे, इतकेच आमचे व्यापारी बांधवांना सांगणे आहे.