बीडचा रस्ता बर्फाशिवाय कसा फाटतो?

बीडमध्ये बर्फ पडत नाही. तरीही रस्त्याखाली बर्फ काय करतो, हे इथल्या सिव्हिल डिप्लोमाच्या मुलामुलींनी शिकावं असं मला वाटतं.

थंड देशांत जमीन गोठायला लागली की गोठणारा थर खालच्या मातीतलं पाणी वर ओढत राहतो. बर्फाचे पापुद्रे जाड होतात, डांबर उचललं जातं. वसंतात बर्फ वरून वितळतो, खालची माती मात्र गोठलेलीच. पाण्याला वाट नाही, रस्त्याचा पाया चिखल होतो. म्हणून तिकडे अनेक ठिकाणी त्या आठवड्यांत जड गाड्यांवर वजनाची मर्यादा घालतात.

आता माजलगाव, गेवराईकडची काळी माती बघा. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. रस्त्याच्या मधोमध ओल फारशी बदलत नाही, कडेला मात्र दरवर्षी चढउतार. म्हणून पहिली लांब भेग साइडपट्टीजवळच पडते आणि पुढच्या पावसाचं पाणी तिच्यातूनच आत शिरतं. पाऊस सरतो, माती अजून ओलीच, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. आपला 'वसंत' हाच!

1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेत इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. निष्कर्ष असा, की आसावरचा भार दीडपट झाला तर नुकसान साधारण पाचपट होतं, दुप्पट झाला तर सोळापट. (ऊसतोड मजुराला मजुरी टनावर मिळते, ट्रॉली गच्च भरणं ही त्याची मस्ती नव्हे.)

"ठेकेदाराने डांबर खाल्लं" हे आपलं ठरलेलं वाक्य. कधी ते खरंही असतं. पण खालच्या मातीचं पाणी काढलं नाही, तर चोख डांबरही टिकत नाही. मोहल्ल्यातून निवेदन देताना आपण 'डांबरीकरण करा' लिहितो, 'आधी नाली करा' कुणी लिहीत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली तीन गोष्टी मागा: चार दिवस पाण्यात भिजवलेल्या मातीचा सीबीआर चाचणी अहवाल, काळ्या मातीवर टाकलेल्या मुरुमाच्या थराची जाडी, आणि अंदाजपत्रकात नालीसाठी धरलेली रक्कम.

आणखी एक. कारखान्याच्या काट्यावर उसाची प्रत्येक खेप मोजली जाते, कारण शेतकऱ्याचे पैसे त्यावरच ठरतात. म्हणजे रस्त्यावरून किती ओझं गेलं, हे किलोपर्यंत लिहिलेलं आहे. त्याला दर महिन्याची मातीतली ओल जोडली, तर कोणत्या आठवड्यांत ट्रॉली हलकी भरावी याचं गणित अंतिम वर्षाच्या एका प्रोजेक्टमध्ये मांडता येईल.