शब्द नसले तरी ते हिपहॉपच

मी डोंबिवलीत तबला शिकवते. माझ्याकडे येणारा एक मुलगा रात्री लॅपटॉपवर बीट बनवतो. जुन्या गाण्यांतले तुकडे कापायचे, उलटसुलट जोडायचे, खाली स्वतःचे ड्रम बसवायचे. यंदा एका महाविद्यालयीन स्पर्धेच्या हिपहॉप विभागात त्याने अशी रचना दिली आणि ती पुरती ऐकण्याआधीच बाद झाली. तिच्यात कुणी रॅप करत नव्हतं. ‘गाणारा नाही, मग हिपहॉप कसलं?’ असं त्याला सांगितलं गेलं. मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो, आणि प्रश्न एका मुलाच्या बक्षिसाचा नाही.

हिपहॉप जन्मलं तेच मुळी गाणारा गप्प होतो त्या जागी. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि तिला नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता, म्हणजेच डीजे कूल हर्क. नाचणारी मुलं गाण्यातल्या एका जागेची वाट बघत असतात, हे हर्कने हेरलं होतं. गायक थांबतो, ब्रास थांबतो, ड्रम आणि बास तेवढे उरतात, ती जागा. जेमतेम काही सेकंदांची. ती लांबवायला त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायला सुरुवात केली. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तेवढ्यात पहिली मागे फिरवून तयार. माईकवर त्याचा मित्र कोक ला रॉक असे. तो ओळखीच्यांची नावं पुकारायचा, नाचणाऱ्यांना चेव आणायचा. पुढे रॅपचा वृक्ष झाला तो या पुकाऱ्यातून. पण त्या रात्री लोक जमले होते ठेक्यासाठी.

मग शब्द पुढे आणि ठेका मागे, असं उलट कसं झालं? 1979 साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही रेकॉर्ड निघाली आणि जगभर गाजली. तिच्यावर हर्क नव्हता, ब्रॉन्क्सचाच दुसरा डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशही नव्हता. ‘शीक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’चा ठेका स्टुडिओतल्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतला होता. टर्नटेबलवरचा माणूस गायब झाला आणि रॅपर पुढे आले. फ्लॅशने 1981 मध्ये टर्नटेबलांवरच घडवलेली, जवळपास सात मिनिटांची रेकॉर्ड काढली. तिच्यात नायक आहेत ते तबकड्या फिरवणारे हात. ही रेकॉर्ड हिपहॉप नाही असं ब्रॉन्क्समध्ये कुणी म्हणेल का?

आपल्याकडे हिपहॉप शब्दांवर स्वार होऊनच पोहोचलं. 2015 मधलं डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांचं ‘मेरे गली में’, 2019 चा ‘गली बॉय’ हा चित्रपट. कुर्ल्या-धारावीच्या पोरांना बोलायचं होतं आणि त्यांना बोलायला जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. ‘द मेसेज’सारखं 1982 चं गाणं शब्दांशिवाय उभंच राहिलं नसतं. पण एका दाराने पाहुणा आला, म्हणून घराला दुसरं दारच नाही असं ठरत नाही.

संगीतप्रकार ठरतो तो घडवण्याच्या रीतीवरून, कालाशी तो काय करतो त्यावरून. तबल्याचं एकलवादन बघा. एरवी तबला साथीला असतो. एकलवादनात हार्मोनियमवर लेहरा धरतात, एका आवर्तनाची तीच धून पुन्हा पुन्हा, तासभरसुद्धा. सुरांनी काळ मोजायचा आणि तबल्याने बोलायचं, अशी अदलाबदल होते. वादक मध्येच बोलांची पढंत करतो. ती सुंदर असते, पण पढंत केली नाही म्हणून कायदा-रेला वाजवणाऱ्याला कुणी मंचावरून उतरवत नाही. हर्कने तबकड्यांवर केलं ते मला याच जातीचं वाटतं.

या कानाने मी जे डिला या अमेरिकी बीटकाराचा ‘डोनट्स’ हा अल्बम ऐकते. 31 छोट्या रचना, रॅपर एकही नाही. आवाज आहेत, पण जुन्या रेकॉर्डमधून कापलेले, कुठे अर्ध्या शब्दावर तोडलेले. अल्बम सुरू होतो तो ‘आउट्रो’ने, आणि शेवटची रचना पुन्हा पहिलीला जाऊन मिळते. सम कुठली, हे ऐकणाऱ्याने शोधायचं. डिला ड्रम मशिनवर सगळीच लय सरळ करून घेत नसे. त्याचा घाव किंचित मागे-पुढे पडतो, आणि ते मागे-पुढेपण तो हिशेबाने राखतो. असं वजन शिकवता शिकवता माझी वर्षं जातात. आजारपणात काम केलेला हा अल्बम 7 फेब्रुवारी 2006 ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी तो गेला.

शब्दाविना वाजणारं सगळंच हिपहॉप, असं मी म्हणत नाही. अभ्यास करताना मागे लावायची मऊ, गुळगुळीत बीट हल्ली तासन्‌तास वाहत असतात. त्यातल्या बऱ्याचशा डिला आणि जपानच्या नुजाबेसच्या वाटेवरून आल्या असल्या, तरी त्यांत कापल्याची खूण नसते, घाव नसतो. त्यांना मी या विभागात घेणार नाही. परीक्षकांनी ऐकावं ते हेच: तुकडा कुठून उचलला, कुठे तोडला, ड्रम पुढे आहेत की नुसते अंथरलेले.

शब्द मोजायचे आणि ठेका गृहीत धरायचा, या सवयीची किंमत माणसांनी मोजली आहे. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफिल्ड यांनी वाजवलेला ड्रमचा छोटा तुकडा हिपहॉपच्या शेकडो गाण्यांखाली आहे. रचनाकार म्हणून नाव लागलं ब्राउनचं. स्टबलफिल्ड 2017 मध्ये वारले, आणि ज्या गाण्यांनी त्यांचा हात उचलला, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना ना पैसे दिले ना श्रेय.