विजेता ओळखला, शर्यत हुकली

३१ मे २०२५ रोजी इटलीतल्या व्हेरेस गावातून ‘जिरो द’इतालिया’ या टप्प्यांच्या सायकल शर्यतीचा विसावा टप्पा सुटला, तेव्हा सायकलशौकिनांपुढे प्रश्न एकच होता : देल तोरो की कारापास? मेक्सिकोच्या एकवीस वर्षांच्या इसाक देल तोरोने नवव्या टप्प्यात, सियेनाजवळच्या धुळकट कच्च्या रस्त्यांवर मिळवलेली, एकूण आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी अजून सोडली नव्हती. इक्वेडोरचा रिचर्ड कारापास त्याच्यामागे अवघ्या ४३ सेकंदांवर होता. तिसऱ्या क्रमांकावर ब्रिटनचा सायमन येट्स, १ मिनिट २१ सेकंद मागे. त्याचं नाव चर्चेत होतं, पण तोंडी लावण्यापुरतं.

त्या दिवशी वाटेत कोले देल्ले फिनेस्त्रे हा घाट होता. साडेअठरा किलोमीटरचा चढ, सरासरी नऊ टक्क्यांहून जास्त, आणि माथ्याकडचे शेवटचे आठ किलोमीटर डांबर नसलेला रस्ता. पायथ्यालाच कारापासने जोर मारला, देल तोरो त्याच्या मागच्या चाकाला चिकटला. इथवर सगळं भाकितांप्रमाणे चाललं होतं. मग येट्स दोघांना सोडून पुढे निघाला आणि हे दोघे एकमेकांकडे बघत राहिले. पाठलागाचा भार उचलायचा कोणी? जो ओढेल तो दमेल, आणि दुसरा त्याच्या आडोशाने ताजातवाना राहून शेवटी त्यालाच मारेल. या हिशेबात दोघेही अडकले. घाटापलीकडे तर येट्सचा संघसहकारी वाउट फान आर्ट आधीपासून पुढच्या गटात होता. त्याने खाली थांबून येट्सला सेस्त्रिएरेच्या दिशेने ओढून नेलं. अंतिम रेषेवर देल तोरो आणि कारापास येट्सपेक्षा पाच मिनिटांहून अधिक मागे पडले होते. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. दुसऱ्या दिवशी रोममध्ये गुलाबी जर्सी येट्सच्या अंगावर होती.

याच घाटावरून सुटून २०१८ मध्ये ख्रिस फ्रूमने ८० किलोमीटर एकट्याने मजल मारून जिरो उलटवून टाकली होती. त्या सकाळी गुलाबी जर्सी कोणाकडे होती? सायमन येट्सकडेच. त्या टप्प्यात तो ३८ मिनिटांहून अधिक मागे पडला होता.

सुरुवातीच्या भाकितांची गत याहून वाईट झाली. २०२५च्या जिरोआधी सर्वांत जास्त बोलबाला होता तो प्रिमोझ रोग्लिच आणि हुआन आयुसो या दोघांचा. रोग्लिचने सोळाव्या टप्प्यात शर्यत सोडली, आयुसोने अठराव्या. म्हणजे तारे देऊन दावेदारांची यादी छापणाऱ्या वर्तमानपत्रांचे पहिले दोन तारे रोमपर्यंत पोचलेच नाहीत.

एवढ्यावरून ‘सायकलिंगमध्ये काहीही होऊ शकतं’ असा निष्कर्ष काढणं हा आळशीपणा ठरेल. काहीही होत नाही. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत ‘टूर द फ्रान्स’ दोघांनीच जिंकली : तादेय पोगाचारने चारदा, योनास विंगेगोरने दोनदा. पोगाचारने २०२४ मध्ये जिरो आणि टूर एकाच वर्षी खिशात घातल्या. असं त्याआधी १९९८ मध्ये मार्को पंतानीने केलं होतं. अशा काळात जुलै उजाडताच ‘पोगाचार’ म्हणून मोकळं होणारा गडी बहुतेकदा बरोबर ठरतो, आणि त्याला त्यासाठी एकही टप्पा बघावा लागत नाही. भाकीत खरं ठरतं, शर्यत मात्र कळत नाही. चाहत्यांच्या अंदाजांवर खरा आक्षेप इथेच आहे. ते चुकतात म्हणून नव्हे, तर बरोबर आले तरी त्यातून हाती फारसं लागत नाही म्हणून.

चूक मोजमापात आहे. गेल्या काही वर्षांत शक्तिमापक यंत्रं सायकलींवर सर्रास बसली, घाट चढायला लागलेला वेळ चाहतेही घड्याळ लावून मोजू लागले आणि ‘किलोमागे किती वॅट’ हा आकडा साध्या गप्पांत आला. ही माहिती मोलाचीच. पण हा आकडा एका माणसाच्या पायांबद्दल सांगतो, आणि टप्प्यांची शर्यत तीन आठवडे, आठ-आठ जणांच्या संघांत, वाऱ्यात खेळली जाते. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे राहिलं की श्रमांची मोठी बचत होते. तीव्र चढावर वेग कमी असल्याने तो फायदा बराच आटतो. त्यामुळे एकच सहकारी घाटात जवळपास निरुपयोगी आणि पुढच्या दरीत अमूल्य ठरू शकतो. फिनेस्त्रेनंतर फान आर्टने नेमकं हेच केलं. ते कोणत्या वॅटच्या कोष्टकात दिसणार?

सेप कुसचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. हा अमेरिकन घाटवीर म्हणजे इतरांसाठी राबणारा माणूस. २०२३ मध्ये त्याने आधी रोग्लिचला जिरो आणि मग विंगेगोरला टूर जिंकून द्यायला मदत केली, आणि त्याच वर्षीच्या तिसऱ्या मोठ्या शर्यतीत, स्पेनच्या ‘व्हुएल्ता’मध्ये, तो या दोघांसह उतरला. सहाव्या टप्प्यात पुढे निसटलेल्या गटात तो होता. टप्पा त्याने जिंकला आणि लवकरच आघाडीची लाल जर्सी त्याच्याकडे आली. मग गंमत सुरू झाली. कुस आघाडीवर असतानाही अँग्लिरूच्या कुप्रसिद्ध चढावर रोग्लिच आणि विंगेगोर त्याला सोडून पुढे गेले. कुसची आघाडी आठ सेकंदांवर आली. चाहते भडकले. पुढे संघाने ठरवलं की कुसलाच जिंकू द्यायचं, आणि माद्रिदमध्ये पहिला, दुसरा, तिसरा असे तिघेही एकाच संघाचे उभे राहिले. पायांचा हिशेब मांडणाऱ्याला विंगेगोरच्या खाली जाताच आलं नसतं. निकाल संघाच्या बसमधल्या बोलण्यात शिजत होता, आणि विंगेगोर सतरा सेकंदांनी दुसरा आला.

सायकलपटूंचा मुख्य जथा ज्याला धोकादायक समजत नाही, त्याला सोडून देतो, हा या खेळातला जुना धागा. १९५६ च्या टूरमध्ये फारसा कोणाच्या खिजगणतीत नसलेला रोजे वाल्कोव्हियाक एका मोठ्या फुटीर गटातून अठरा मिनिटांहून अधिक वेळ कमावून गेला आणि एकही टप्पा न जिंकता पॅरिसमध्ये विजेता ठरला. पन्नास वर्षांनी, २००६ मध्ये, ऑस्कर पेरेरोला मोंतेलिमारच्या टप्प्यावर जथ्याने जवळजवळ अर्धा तास बहाल केला. तोही ‘आता हा काय करणार’ म्हणूनच. पॅरिसमध्ये पिवळी जर्सी फ्लॉइड लँडिसने घातली, उत्तेजक चाचणीत तो अडकला आणि जेतेपद अखेर पेरेरोकडे गेलं. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही जेतेपदं २०१२ मध्ये रद्द झाली. त्या वर्षांत त्याच्यावर पैज लावून जिंकलेल्यांनी पैसे परत केले असतील, असं वाटत नाही.

पाय हेच सर्वस्व ठरल्याचे दिवसही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२० च्या टूरचा शेवटून दुसरा दिवस घ्या : घड्याळाशी एकट्याची झुंज, ३६ किलोमीटर, शेवटी ला प्लांश दे बेल फीयचा चढ. रोग्लिचकडे ५७ सेकंद होते आणि घड्याळाविरुद्धची शर्यत हा त्याचा हातखंडा. पोगाचारने त्याला जवळजवळ दोन मिनिटांनी मागे टाकलं. त्या दिवशी संघ नव्हता, आडोसा नव्हता, डावपेच नव्हते. तरीही बहुतेकांचा अंदाज फसला. १९८९ मध्ये ग्रेग लमाँड व्हर्सायहून पॅरिसला येताना साडेचोवीस किलोमीटरांत लोराँ फिन्याँची ५० सेकंदांची आघाडी फोडून आठ सेकंदांनी जिंकला, तेही असंच.

तरीही अंदाज बांधायचेच, तर प्रश्न बदलायला हवा. ‘कोण जिंकेल’ऐवजी ‘शर्यत कुठे फुटेल आणि त्या वेळी कोणाजवळ किती माणसं असतील’ असं विचारणारा चाहता चुकला तरी त्याचं चुकणं तपासता येतं. जुलैत नेदरलँड्समधल्या कचेऱ्यांत ‘टूरपूल’, म्हणजे टूरच्या अंदाजांच्या पैजा, रंगतात. एका विजेत्यावर बोट ठेवण्याऐवजी अनेक सायकलपटू निवडून रोजच्या निकालांवर गुण मोजण्याचे जे खेळ निघाले आहेत, त्यांत सामान्य मदतनीसालाही किंमत येते आणि सपाट टप्प्यातल्या दुपारीही डोळे उघडे राहतात. टूर आणि जिरो या दोन्ही शर्यती वर्तमानपत्रांनी खप वाढवण्यासाठी सुरू केल्या, अनुक्रमे १९०३ आणि १९०९ मध्ये. तेव्हा वाचकाला अंदाजाची चटक लावण्यात काही पाप नाही. अंदाज दर्जेदार असावा, इतकंच.

मराठी वाचकाला घाटाचं हे गणित परकं नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढणाऱ्यांमधून ‘घाटाचा राजा’ निवडला जातो, आणि त्याच माणसाने पुण्यात पहिलं यावं असं बंधन नाही. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली. अशा शर्यतींच्या बातम्यांत विजेत्याचं छायाचित्र आणि उद्घाटकांची नावं असतात. टप्प्याचा चढ-उतार दाखवणारा आलेख आणि संघनिहाय यादी मात्र शोधावी लागते. पुढच्या वेळी त्या दोन गोष्टी आदल्या दिवशी छापल्या, तर रस्त्याकडेला टाळ्या वाजवायला येणाऱ्या पोराला जथा कोणत्या वळणावर तुटेल याचा तर्क घरूनच करून येता येईल.