जरा अ‍ॅडजस्ट करा!

इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांपैकी सर्वांत लबाड शब्द कोणता, असे मला कुणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : ‘अ‍ॅडजस्ट’. ‘सॉरी’ नव्हे, ‘बिझी’ नव्हे, कचेऱ्यांतला ‘पेंडिंग’ सुद्धा नव्हे. ते शब्द फार तर आळशी आहेत. हा लबाड आहे. तो ‘जरा’चे बोट धरून येतो, गोड हसतो, समोरच्याच्या पदरातले काहीतरी काढून नेतो, आणि काय नेले हे त्या बिचाऱ्याला पुष्कळदा वर्षानुवर्षे कळत नाही.

त्याचा संचार तरी केवढा! आगगाडीत तिघांच्या बाकावर चौथा टेकू पाहतो : ‘जरा अ‍ॅडजस्ट करा.’ वाण्याकडे सुटे नसतात. तो दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या हातावर ठेवतो : ‘अ‍ॅडजस्ट करून घ्या.’ शिंप्याने पोलके घट्ट शिवले, तर ते ‘घालून घालून अ‍ॅडजस्ट होते’. गवंड्याने न्हाणीघराचा उतार उलटा काढला, तर तो पुढे कधीतरी ‘अ‍ॅडजस्ट करून देतो’. कचेरीत रजा अ‍ॅडजस्ट होतात, शाळेत तास अ‍ॅडजस्ट होतात, आणि जे काम सरळ मार्गाने होत नाही ते टेबलाखालून अ‍ॅडजस्ट होते. नवा चष्मा टोचतो, नवा साहेब बोचतो, नवी सासू टाकून बोलते. तिन्हींवर औषध एकच. विवाहमंडळातल्या टिपणांत तर हा शब्द गुणांच्या यादीत जाऊन बसला आहे : मुलगी गोरी, शिकलेली, नोकरी करणारी आणि ‘अ‍ॅडजस्ट करणारी’ हवी. मुलाच्या टिपणात हा गुण आवर्जून लिहिलेला मी तरी अद्याप पाहिलेला नाही. ह्या एका गोष्टीतच माझ्या तक्रारीचे मूळ आहे.

वाचकांनी माझ्याविषयी एक गैरसमज मात्र करून घेऊ नये. मी शब्दांचे सोवळे पाळणारा माणूस नाही. भाषाशुद्धीच्या चळवळीने दिलेले महापौर, दिनांक हे शब्द मी आनंदाने वापरतो, आणि टेबल, स्टेशन, पेन्सिल हेही तितक्याच आनंदाने वापरतो. शब्द परका आहे म्हणून मला राग नाही. त्याच्या जागी संस्कृत शब्द आणून बसवला तरी रोग जात नाही, याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. शाळेची पटसंख्या घटली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि दुसऱ्या गावच्या शाळेत त्याचे ‘समायोजन’ करण्यात येते. कोणी केले? वाक्यात कर्ताच नाही! शिक्षकाचे बिऱ्हाड, त्याच्या मुलांची शाळा, त्याच्या आईचे दुखणे, सारे त्या एका भारदस्त शब्दाच्या पोटात गडप. सोवळे नेसवले म्हणून चोर काही साव होत नाही.

बरे, हा शब्द आपल्या घरी तरी असाच होता काय? मुळीच नाही. त्याचे कूळ पाहिले तर ते चांगले खानदानी आहे. लॅटिनमध्ये ‘युक्स्ता’ म्हणजे जवळ. त्यावरून फ्रेंचांनी ‘जवळ आणणे, जोडणे’ अशा अर्थाचे क्रियापद केले. पुढे त्याच्याशी ‘न्याय्य’ या अर्थाच्या शब्दाचा घोटाळा झाला, आणि ‘जवळ आणणे’ ह्याला ‘यथायोग्य करणे’ हा अर्थ येऊन चिकटला. म्हणजे ह्या शब्दाच्या अंगात जवळीक आणि न्याय ह्या दोहोंचे रक्त आहे. आपल्याकडे येताना त्याने जवळीक तेवढी बरोबर आणली. न्याय तिकडेच कुठेतरी बंदरावर राहून गेला.

तिकडे त्याने केलेल्या प्रामाणिक नोकऱ्या पाहाव्यात. खिशातल्या जुन्या अमेरिकन घड्याळांच्या यंत्रावर हा शब्द कोरलेला असे. रेल्वेच्या नोकरांना जी घड्याळे लागत ती पाच स्थितींत ‘अ‍ॅडजस्ट’ केलेली असावी लागत. ह्याचा अर्थ काय? घड्याळ उताणे ठेवा, पालथे ठेवा, उभे टांगा. ते वेळ बरोबरच दाखवणार. परिस्थिती बदलली तरी जे आपला खरेपणा सोडत नाही ते घड्याळ अ‍ॅडजस्ट केलेले! आपल्याकडे मात्र जो वारा येईल तशी मान फिरवतो त्याला आपण ‘अ‍ॅडजस्टेबल’ म्हणून शाबासकी देतो. आपल्या अर्थाशी जुळणारी वस्तू हवी असेल तर ती कारखान्यात सापडते : अ‍ॅडजस्टेबल पाना. त्याला दोन जबडे असतात. एक पक्का, दांड्याशी अखंड घडवलेला, दुसरा सरकता. स्क्रू कितीही फिरवा, सरकणार तो दुसराच. पुष्कळ घरे ह्या पान्याच्या घडणीची आहेत.

पण ह्या शब्दाची सर्वांत थोर नोकरी समुद्रावरची. जहाज वादळात सापडले. भार हलका केल्याशिवाय तरणोपाय नाही. तेव्हा कप्तान हाताशी येतील ती गाठोडी समुद्रात फेकून देतो. गाठोडी एकाची, आणि वाचले मात्र सगळ्यांचे. आता ज्याचा माल गेला त्याने काय करावे? ‘नशीब’ म्हणून घरी जावे? दर्यावर्दी लोकांनी फार पुरातन काळी ह्याचा निकाल लावून ठेवला आहे. ऱ्होड्स बेटाच्या नावाने चालत आलेला तो दंडक रोमन कायद्यातही नमूद आहे : सर्वांसाठी जे टाकले, ते सर्वांनी मिळून भरून द्यावे. जहाजाच्या मालकाने, आणि ज्यांचा ज्यांचा माल वाचला त्या प्रत्येकाने, आपापल्या वाचलेल्या मालमत्तेच्या प्रमाणात. हा हिशेब मांडणारा जो तज्ज्ञ, त्याला इंग्रजीत ‘अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टर’ म्हणतात, आणि त्याच्या हिशेबपत्रकाचे नाव ‘अ‍ॅडजस्टमेंट’. लंडनमध्ये ह्या लोकांची संघटना १८६९ सालापासून आहे. आणि ही काही जुन्या गलबतांची कथा नव्हे. २०२१ च्या मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचे अजस्र जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे रुतून बसले होते, ते वाचकांना आठवत असेल. ते सोडवण्याच्या खर्चासाठी मालकांनी हाच दंडक पुढे केला. त्यावर १८ हजारांहून अधिक पेट्या होत्या. ज्यांचा माल सुखरूप होता त्यांनाही तो ताब्यात घेण्यापूर्वी आपल्या वाट्याची हमी द्यावी लागली.

हे वाचले आणि मला आपली घरे आठवली. आपल्या किती घरांची गलबते वादळातून पार झाली ती कुणाचा तरी माल समुद्रात टाकून! थोरल्याने शाळा सोडली म्हणून धाकटे इंजिनिअर झाले. आईच्या पाटल्या गेल्या म्हणून फी भरली गेली. सुनेने गाण्याचा तंबोरा माळ्यावर ठेवला म्हणून सासऱ्यांची औषधे वेळच्या वेळी झाली. टाकणे वाईट होते असे मी म्हणत नाही. वादळात टाकावे लागतेच. पण किनाऱ्याला लागल्यावर हिशेबपत्रक कुणी मांडले? माझ्या ओळखीच्या एका घरातल्या थोरल्या बहिणीने बत्तीस वर्षे टेलिफोनच्या कचेरीत नोकरी करून तीन भाऊ शिकवले, मार्गी लावले. स्वतःच्या लग्नाचे राहूनच गेले. पुढे राहती चाळ पाडून मोठी इमारत उभी राहिली. भावांनी जागेचे पैसे तीन ठिकाणी वाटून घेतले आणि बहिणीला सांगितले : ‘ताई, तू एकटीच तर आहेस. चार-चार महिने एकेकाकडे राहा. जरा अ‍ॅडजस्ट कर.’ भाऊ दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर त्यांना हे वाक्य बोलताना जीभ अडखळली असती. ह्या शब्दाने त्यांना अडखळू दिले नाही, हाच त्याचा गुन्हा.

कारण मराठीत बोलावे लागले असते तर अडचण झाली असती. आपली क्रियापदे फार स्पष्टवक्ती आहेत. ‘तडजोड’ म्हटली की दोन बाजू आल्या. एकट्याने तडजोड होत नाही. ‘पडते घेतले’ म्हटले की कोण पडले ते कळते. ‘सोसले’ म्हटले की दुःख होते हे कबूल करावे लागते. ‘सांभाळून घेणे’ हे समर्थाने करायचे काम आहे. ‘खपवून घेणे’ म्हटले की समोरच्याने आगळीक केली हे आलेच. ‘वळते करून घेतले’ म्हटले की वहीत जमा आणि नावे अशा दोन्ही नोंदी हव्यात. आता ताईला काय म्हणायचे? ‘तडजोड कर’ म्हणावे तर ती विचारील, तुम्ही काय सोडता? ‘सोस’ म्हणावे तर स्वतःचीच लाज वाटेल. म्हणून मग ‘अ‍ॅडजस्ट कर’. अर्धा डझन सच्ची क्रियापदे गिळून हा एक गुळगुळीत शब्द फुगला आहे.

आणि असे नाही की ह्या देशात त्याला न्यायाने वागताच येत नाही. मुंबई इलाख्यात १९३९ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्याखालच्या मंडळांचे नावच ‘डेट अ‍ॅडजस्टमेंट बोर्ड’. सावकाराची वही उघडायची, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती हे पाहायचे, आणि उरलेल्या रकमेचे हप्ते शेतकऱ्याच्या कुवतीप्रमाणे ठरवायचे. त्या कायद्याने तरी सरकून बसायला सांगितले ते सावकाराला!

आता एक आक्षेप मला ऐकू येतो, आणि तो बहुधा वडीलधाऱ्यांचा आहे : ‘अहो, अ‍ॅडजस्ट केल्यावाचून संसार होतो का? प्रत्येकाने वही काढली तर घराचे दुकान होईल.’ आक्षेप खोटा नाही. पण उत्तर मुंबईच्या लोकलमध्येच आहे. तिथली चौथी सीट हा ह्या शब्दाचा आपल्याकडचा सर्वांत निर्मळ वापर. तिघे बसलेले, चौथा येतो, तिघेही चार-चार बोटे सरकतात. लक्षात घ्या, तिघेही! खिडकीवाला भिंतीशी चेपतो, मधला खांदे आवळतो, कडेचा अर्धा बाहेर येतो, आणि चौथा एका मांडीवर टेकतो. त्रास वाटला गेला. शिवाय तो दादर-ठाण्यापुरता. आणि आज जो खिडकीशी आहे तो उद्या चौथा असतो. कुणी वही काढली नाही, तरी हिशेब चोख. माझे मागणे एवढेच की घरातल्या बाकावरही हाच कायदा चालावा. आपल्याकडे खिडकीशी बसलेला तीस वर्षे तिथेच बसतो, आणि चौथीला सांगतो की गर्दी आहे, अ‍ॅडजस्ट कर.

ज्यांनी सरकायचे नाकारले त्यांचेही स्मरण असावे. रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी झाले होते. १८८४ साली नवऱ्याने ताबा मागण्यासाठी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने फर्मावले की नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. त्या बाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. अवघे शहर त्यांना चार शब्द सांगत असेल तेव्हा! शेवटी १८८८ साली नवऱ्याला २००० रुपये देऊन प्रकरण मिटले. ती तडजोड होती : दोन बाजू, ठरलेला आकडा, आणि मोकळीक. पुढे रखमाबाई इंग्लंडला जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या. सुरतेला आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. त्या अ‍ॅडजस्ट झाल्या असत्या तर एक नवरा सुखी झाला असता, इतकेच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. हा शब्द हद्दपार करता येणार नाही. तो आता रेशनकार्डावर नाव चढलेला घरचाच इसम आहे. पण तो तोंडातून निघाला की घरातल्या लहानात लहान माणसालाही तीन प्रश्न विचारायची मुभा असावी : कोणी? किती? आणि कधीपर्यंत? तिन्हींची उत्तरे सरळ मिळाली तर खुशाल सरकावे, हसत सरकावे. उत्तराऐवजी ‘तुझा स्वभावच असा’ असे ऐकू आले, तर समजावे की गाठोडे आपलेच समुद्रात चालले आहे.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्यांची पूजा करतात, कारण बाकी कुणाकडे किती हे त्यांना ठाऊक असते. तसे घरात एकदा बसून पाहावे. आणि भाऊबीजेच्या दिवशी, तबकात नोट टाकण्याआधी, थोरल्या बहिणीला भावांनी आपणहून विचारावे : ‘ताई, आमच्याकडे तुझे येणे किती?’ ती बहुधा हसून ‘काही नाही रे’ म्हणेल. तेव्हा तिचे ऐकू नये. कागद-पेन्सिल घेऊन बसावे.