दाबाचे प्रमाण रस्त्याने ठरवावे

तिगावहून मुलताईच्या बाजूस जाणारा चढ, वैशाखातील ऊन, मागे बसलेला सोबती आणि वाटेत मिळेल ते साधे पेट्रोल, या चार गोष्टींचा हिशेब ज्याने मांडलेला नाही, त्याने आपल्या बुलेटचे बळ वाढविण्यासाठी हेड घासून घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोह निराधार नाही. पिस्टन तळाशी असताना सिलिंडरात जितकी जागा असते, तिला पिस्टन माथ्याशी आल्यावर उरणाऱ्या जागेने भागले की जो आकडा येतो तो कॉम्प्रेशन रेशो, म्हणजेच दाबाचे प्रमाण. हेड घासले की ही उरणारी जागा घटून तो वाढतो. आणि तो वाढला की त्याच इंधनातून अधिक काम मिळते. बुलेटचे जुने ओतीव लोखंडी इंजिन ६.५ वर चाले, पुढचे यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) ८.५ वर, आजचे जे-मालिकेतील ९.५ वर. परंतु लाभ क्रमशः क्षीण होत जातो: आदर्श गणिताने ६.५ वरून ७.५ वर गेल्यास कार्यक्षमता २.६ टक्केबिंदूंनी वाढते, तर ९.५ वरून १०.५ वर गेल्यास केवळ १.६ टक्केबिंदूंनी.

धोका मात्र वाढतच जातो. ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण उष्णतेने आपोआप पेटले म्हणजे नॉकिंग सुरू होते, आणि ते टाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडावी तर मिळवलेले बळ पुन्हा निघून जाते. शर्यतीच्या इंजिनांचा दाखला येथे गैरलागू आहे, कारण त्यांचा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवून प्रत्यक्ष दाब कमी करतो, आणि त्यांचे पेट्रोलही निराळे असते. तर १२ च्या वर चालणाऱ्या आधुनिक इंजिनांपाशी पाण्याचे शीतन आणि संगणकाचे नियंत्रण असते. इथेनॉलमिश्रणाने पेट्रोलचे ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, वाढते खरे, पण जुन्या कार्बोरेटरचा जेट न बदलल्यास मिश्रण विरळ होऊन इंजिन अधिकच तापते.

म्हणून हवेने थंड होणाऱ्या दोन व्हॉल्व्हच्या इंजिनास, रोजच्या रस्त्यासाठी, ९ च्या आसपास थांबणे मला शहाणपणाचे वाटते. यूसीईच्या ७० मिलिमीटर बोअरवर सिलिंडराचा काठ अवघा १ मिलिमीटर उतरविला तरी सुमारे ३.८५ घनसेंटिमीटर जागा घटून प्रमाण ९.२ च्या घरात जाते. इतक्या बारीक कामात अंदाज चालत नाही. मिस्त्रीने ब्युरेटने तेल ओतून दहनकक्ष मोजावा, आलेला आकडा पावतीवर लिहून द्यावा, आणि ग्राहकाने त्या नोंदीवाचून मजुरी चुकती करू नये.