चूक कोणाचीच नसेल, तर भार एकट्याच्या माथी का?



लशीच्या दुष्परिणामाची भरपाई मागणारा माणूस लसविरोधी असतो, हा समज आधी सोडायला हवा. माझ्या दोन्ही नातवंडांना वेळापत्रकाप्रमाणे सगळ्या लशी टोचून घेतल्या आहेत आणि राहिलेल्याही घेणार आहोत. देवी गेली, पोलिओ हटला, ते लशीमुळेच. पण फार क्वचित एखाद्याला लशीने गंभीर अपाय होतो, हेही वैद्यकशास्त्रच सांगते. त्या एकाचे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

कोविड लशीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवर केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात उत्तर दिले होते : लसीकरण ऐच्छिक होते, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जावे. पण तिथे कोणाचा तरी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. इथे लस भेसळीची नसते, परिचारिकेचा हात चुकलेला नसतो, तरीही रक्तात गुठळी होते. चूकच झालेली नसेल, तर आईबापांनी सिद्ध काय करायचे?

चूक न शोधता भरपाई देणे आपल्या कायद्याला नवे नाही. लोकलमधून पडून प्रवासी दगावला, तर रेल्वेचा दोष सिद्ध न करताही वारसांना दावे न्यायाधिकरणाकडून 8 लाख रुपये मिळू शकतात. लशीच्या चाचणीत स्वयंसेवकाला इजा झाली, तर 2019च्या नियमांनुसार भरपाई द्यावी लागते. तीच लस आरोग्य केंद्रात घेणाऱ्याला मात्र कोर्टाची पायरी दाखवायची, हा कुठला न्याय?

लशीच्या अपायाच्या भरपाईसाठी जर्मनीने 1961 मध्ये आणि ब्रिटनने 1979 मध्ये कायदा केला. अमेरिकेत 1986च्या कायद्याने भरपाईची योजना आखली गेली. तिथे लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती टाळत असलेल्या दर रोगामागे 75 सेंट कर घेतला जातो आणि त्यातून भरपाई मिळते.

आपल्याकडे लसीकरणानंतरच्या अपायांची छाननी करणाऱ्या समित्या जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत आहेतच. त्यांचा अहवाल ठरलेल्या मुदतीत कुटुंबाच्या हाती द्यावा आणि अपाय लशीमुळे झाल्याचे दिसताच भरपाई मिळावी. हे एका साथीपुरते नको. सर्व लशींसाठी संसदेने कायमस्वरूपी कायदा करावा. दंड पुढे करताना माणसाने सर्वांच्या आरोग्यासाठी थोडा धोका पत्करलेला असतो. तो धोका खरा ठरला, तर त्याच्या घरामागे सर्वांनी उभे राहायला हवे.

– एक वाचक, पुणे